झडप अडते तेव्हा

कोलकात्यात पिंजऱ्यावर बर्फ जमत नाही. अलीपूरच्या वेधशाळेतली नीचांकी नोंद ६.७ अंश सेल्सिअसची आहे आणि ती १८९९ च्या जानेवारीतली. एरवी जानेवारीच्या पहाटे तिथला पारा तेरा-चौदा अंशांपाशी थांबतो. तेवढ्या गारठ्यात माणसे माकडटोप्या चढवतात, आणि तेवढ्याच गारठ्यात उंदराचा पिंजराही अडू शकतो. संध्याकाळी बिजागरीला खोबरेल तेल लावून ठेवलेली झडप पहाटे अर्ध्यावरच थांबलेली दिसते. आतले आमिष गेलेले असते, उंदीरही गेलेला असतो. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजू लागते. म्हणजे झडप सैल राहावी म्हणून लावलेल्या तेलानेच ती धरून ठेवलेली असते. बर्फाळ प्रदेशात पाणी जे काम करते, ते कोलकात्याच्या हिवाळ्यात खोबरेल तेल करते.

पिंजरा थंडीत का अडतो हे समजायचे, तर आधी तो चालतो कसा ते नीट पाहावे लागेल. बाजारात मिळणाऱ्या तारेच्या पिंजऱ्यात मुळात तीनच गोष्टी असतात: पडणारी झडप, तिला उघडी धरून ठेवणारा आकडा, आणि जनावराच्या हालचालीने तो आकडा सोडवणारी कळ. काही पिंजऱ्यांत आमिष तारेच्या हुकाला टांगलेले असते. उंदराने ते ओढले की छतावरचा आकडा निसटतो आणि स्प्रिंगच्या जोराने दार मिटते. काहींत कळ जमिनीसरशी असते. पातळ पत्र्याची पट्टी, तिच्यावर पाय पडला की ती खाली दबते आणि तिला जोडलेली तार आकडा सोडते. खारीसाठीचे पिंजरे बहुधा या दुसऱ्या जातीचे असतात, कारण खार दाणे उचलून खाते, हुकाला लोंबकळत नाही.

आता यातला नाजूक भाग कोणता? स्प्रिंग नव्हे, ती दणकट असते. नाजूक असते ती आकड्याची पकड. आकडा तारेवर जेमतेम टेकलेला असावा लागतो, इतका की शंभर ग्रॅमच्या खारीच्या वजनाने तो सुटावा आणि वाऱ्याच्या झुळकीने सुटू नये. या दोहोंमधली जागा मिलिमीटरहूनही कमी असते. त्या जागेत काहीही शिरले, मग ते बर्फ असो, गंज असो, चिखल असो की थिजलेले तेल, की पिंजरा ओझे होऊन बसतो. म्हणून पिंजरा चालू ठेवण्याची सगळी विद्या ही त्या एका बारीक फटीची राखण आहे असे मी मानतो.

कोलकात्यात त्या फटीचा मुख्य शत्रू ओल. वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, एका बाजूला हुगळी, दुसऱ्या बाजूला पाणथळ, आणि जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर. हवेतली आर्द्रता साधारण ६०-७० टक्के ओलांडली की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर टिकून राहतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून बिजागरीतला खिळा फुगल्यासारखा घट्ट बसतो. पाणी गोठल्यावर सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते. तिथेही तेच घडते, फक्त एका रात्रीत. गंजाला पावसाळाभर वेळ लागतो.

जस्ताचा मुलामा दिलेला पिंजरा जास्त टिकतो. जस्त आधी झिजते आणि तोवर लोखंड वाचते. पण कारागीर तार कापतो आणि सांधा वितळवून जोडतो तिथे मुलामा उडालेला असतो, आणि नेमक्या त्याच जागी बिजागरी व आकडा असतात. त्यात उंदराचे मूत्र. पकडलेला उंदीर रात्रभर त्याच पट्टीवर मुततो आणि मूत्रातले क्षार पत्रा खातात. सकाळी उंदीर बाहेर काढून पिंजरा तसाच कोपऱ्यात सरकवला, तर दोन-तीन पावसाळ्यांत त्याची कळ निकामी होणार हे ठरलेले.

वंगणाबाबत घरोघरी होणारी चूक खोबरेलापुरती नाही. बंगाली घरात हाताशी असते ते मोहरीचे तेल. ते कोलकात्याच्या थंडीत थिजत नाही, पण हवेशी संयोग पावून हळूहळू चिकट होते, त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात बिजागरीत काळा लगदा तयार होतो. शिवाय त्याला वास असतो आणि मुंग्या लागतात. शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल हे इथले खरे वंगण. एक थेंब, आणि वरचे फडक्याने पुसून टाकायचे. सरकत्या दाराच्या खाचेला मेणबत्ती घासली तरी पुरते.

हे सगळे एखाद्या घरातल्या एका पिंजऱ्यासाठी फार वाटेल. पण कोलकात्यात पिंजऱ्यांनी घरापेक्षा मोठी कामे केली आहेत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ च्या एप्रिलमध्ये तो कलकत्त्यातही जाहीर झाला. मुंबईइतका हाहाकार तिथे उडाला नाही. असे का, हा प्रश्न तेव्हाच्या डॉक्टरांना छळत होता. त्याच काळात डॉ. डब्ल्यू. सी. होसॅक यांनी कलकत्त्याच्या उंदरांवर एक सविस्तर अभ्यास लिहिला. तो १९०७ मध्ये इंडियन म्युझियमच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. त्यांच्या हाती आलेल्या उंदरांत मुख्य भरणा होता लहान घुशीचा, म्हणजे बॅंडिकोटा बेंगालेन्सिस या जातीचा, तेव्हा तिचे शास्त्रीय नाव वेगळे होते. ही घूस जमिनीत बिळे करते, गटारांच्या कडेला आणि गोदामांच्या फरशीखाली राहते. मुंबईच्या चाळींत कौलांखाली आणि माळ्यावर माणसांच्या डोक्यावर वावरणारा काळा उंदीर ही वेगळी जात. उंदीर माणसाच्या किती जवळ झोपतो यावर त्याच्या पिसवा माणसाच्या किती जवळ येतात हे ठरते. पूर्ण उत्तर यातून मिळत नाही, पण एका शहराच्या आजाराचा विचार त्या शहरात कोणत्या जातीचे उंदीर आहेत इथपासून सुरू व्हावा, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. आणि ही दृष्टी पकडलेल्या उंदरांच्या ढिगाकडे नीट पाहण्यातून आली.

साठ वर्षांनी त्याच घुशीचा माग एका अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने काढला. जे. जुआन स्पिलेट हे त्यांचे नाव. काझीरंगासह उत्तर भारतातल्या अभयारण्यांची पाहणी करणारा हा माणूस कलकत्त्याच्या धान्य गोदामांत घुशींमागे लागला. त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये निघाला आणि तो काढण्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कलकत्त्यातील संशोधन केंद्राबरोबर आपली मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी होती. घुशीला बंगालीत धेडे इँदूर म्हणतात. ती धान्य खाते त्याहून अधिक बिळात साठवते, वर्षभर पिले घालते, आणि धान्याच्या थप्प्या असलेल्या गोदामात तिची संख्या किती वाढेल याला अन्नाची मर्यादा जवळजवळ नसतेच.

अशी संख्या मोजायची कशी? पकडायचे, खूण करायची, सोडायचे, पुन्हा पकडायचे. दुसऱ्या खेपेला सापडलेल्यांत खूण असलेले किती, यावरून एकूण किती असतील याचा अंदाज निघतो. या सगळ्या गणिताच्या तळाशी एक गृहीत आहे: पिंजरा चालू होता. पहाटे रिकामा मिळालेला पिंजरा दोन गोष्टी सांगू शकतो. एक, तिथे घूस आली नाही. दुसरी, घूस आली, पट्टीवर उभी राहिली, पोटभर खाऊन गेली आणि गंजलेला आकडा हलला नाही. वहीत दोन्हींची नोंद शून्य अशीच होते. म्हणून जाणते अभ्यासक नुसते पिंजरे मोजत नाहीत. किती पिंजरे किती रात्री खरोखर चालू होते ते मोजतात आणि अडलेले किंवा आपोआप मिटलेले पिंजरे हिशेबातून वजा करतात. अडलेल्या झडपेतून खोटा आकडा निघतो आणि त्या खोट्या आकड्यावर पुढे शहराचे धोरण ठरू शकते.

प्लेगच्या पाहणीत तर पिंजऱ्याला पर्यायच नाही. उंदीर मेला आणि अंग गार पडू लागले की पिसवा ते सोडून जातात. पिसवा मोजायच्या तर उंदीर जिवंतच हाती यायला हवा. एका उंदरामागे सरासरी एक किंवा अधिक ‘झेनोप्सिला चिओपिस’ जातीच्या पिसवा निघाल्या तर धोक्याची खूण मानतात. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि नंतर सुरतेत प्लेगचे नाव पुन्हा निघाले. अशा प्रत्येक वेळी आरोग्य खात्याच्या माणसांना गावोगाव पिंजरेच लावावे लागतात. त्यांच्या वापरात एक पिंजरा ‘वंडर ट्रॅप’ या नावाने ओळखला जातो. त्यात एकामागून एक अनेक उंदीर अडकतात, कारण आत जाण्याची वाट परतताना बंद होते. रचना हुशार आहे, पण हलता भाग ओल धरून बसला तर तोही इतरांसारखाच निकामी.

आता खऱ्या बर्फाकडे येऊ. त्यासाठी पश्चिम बंगाल सोडायचेही कारण नाही. दार्जिलिंग दोन हजार मीटरहून उंच आहे, आणि राज्याचे सर्वांत उंच ठिकाण, सांदकफू, ३६३६ मीटरवर. तिथे हिवाळ्यात बर्फ पडते. कोलकात्याचा या डोंगरांतल्या खारींशी संबंधही जुना आहे. नारिंगी पोटाची हिमालयी खार ब्रायन हॉजसन यांनी १८३६ मध्ये शास्त्राला परिचित करून दिली आणि ते वर्णन छापले गेले कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये देशभरच्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली, तेव्हा तिचे संग्राहक सी. ए. क्रंप दार्जिलिंग-सिक्कीमच्या डोंगरांतही जाऊन आले. १ जुलै १९१६ रोजी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था कलकत्त्यात स्थापन झाली. तिचे मुख्यालय आजही तिथेच आहे.

थंडी जितकी जास्त तितका पिंजरा अधिक अडणार, असे वाटते. प्रत्यक्षात सर्वांत वाईट काळ असतो शून्य अंशाच्या आगेमागे. दिवसा ऊन पडते, बर्फ वितळते, पाणी पट्टीखाली झिरपते, बिजागरीत शिरते. रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि पट्टी जमिनीला चिकटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि दर फेऱ्याला थर वाढतो. उलट लडाखसारख्या कोरड्या मुलखात, जिथे लेहला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस-बर्फ पडते, कडाक्याच्या थंडीतही कोरडा पिंजरा बिनतक्रार चालतो. म्हणजे इथेही गुन्हेगार पाणीच, थंडी त्याला फक्त घट्ट करते.

म्हणून बर्फाळ जागी पहिला उपाय पिंजरा जमिनीवरून उचलण्याचा. खाली फळी किंवा दोन विटा, पट्टीखालून पाणी वाहून जाईल इतकी मोकळी जागा, आणि वरून उतरते छप्पर. दाराचे तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला. पिंजऱ्यावर तागाचे गोणपाट टाकण्याचा मोह कोलकात्याच्या माणसाला होईल, कारण हुगळीकाठच्या गिरण्यांनी ते घराघरांत पोचवले आहे. पण गोणपाट पाणी पिते आणि गोठले की पुठ्ठ्यासारखे ताठ होऊन झडपेच्या आड येते. लाकडी पेटी किंवा ताडपत्री बरी, तीही झडपेला न टेकणारी.

वंगणाचे शास्त्र इथे उलटते. जाड ग्रीस थंडीत घट्ट होते, म्हणून ते अजिबात नको. कोरडी ग्रॅफाइटची पूड किंवा सिलिकॉनचा हलका फवारा चालतो, कारण त्यांत थिजण्यासारखे फारसे काही नसते. पण हाच ग्रॅफाइटचा उपाय कोणी उचलून कोलकात्याच्या पावसाळ्यात जस्ताच्या मुलाम्यावर वापरला तर नुकसान करून घेईल. ओल असताना ग्रॅफाइट आणि जस्त यांच्यात विजेच्या घटासारखी क्रिया चालू होते आणि जस्त अधिक वेगाने झिजते. परदेशी पुस्तिकेतला सल्ला आपल्या हवेत जसाच्या तसा लावू नये, हे मी आग्रहाने सांगतो ते अशा गोष्टींमुळे.

आमिषाचेही तसेच. थंडीत वास कमी पसरतो, कारण वासाचे कण हवेत कमी उडतात. पाणीदार फळ गोठून दगड होते. खारीसाठी शेंगदाणे, अक्रोड, सुके खोबरे बरे, हुकावर टांगायचे असेल तर शेंगदाण्याचे घट्ट कूट. कोलकात्यात प्रश्न वेगळा, ओलीने पाव एका रात्रीत बुरसतो आणि मुंग्या पहिल्या येतात. बोंबील-सुक्या मासळीचा तुकडा तिथे घुशीला चांगला खुणावतो. कोणत्याही हवेत एक गोष्ट मात्र सारखी: उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. काही रात्री झडप तारेने उघडी बांधून, आत आमिष ठेवून, त्याला बिनधोक येऊ-जाऊ द्यावे. ऑक्सफर्डचे डेनिस चिटी आणि त्यांचे सहकारी केम्प्सन यांनी १९४९ मध्ये या सवय लावण्यावर आणि एका नव्या पिंजऱ्यावर निबंध लिहिला. लाँगवर्थ नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या त्या पिंजऱ्याची रचना मला फार आवडते. पुढे बोगदा, त्यात कळ आणि दार, मागे वेगळी पेटी. पेटीत कोरडे गवत भरायचे. पकडलेला जीव गवतात शिरून ऊब धरतो आणि त्याच्या श्वासाची वाफ कळेपर्यंत फारशी पोचत नाही.

ही वाफ किरकोळ बाब नाही. बंद पत्र्याच्या पिंजऱ्यात रात्रभर कोंडलेल्या जनावराच्या श्वासाचे पाणी भिंतींवर जमते आणि गोठते, सकाळी दार उघडत नाही. जाळीच्या पिंजऱ्यात वाफ निघून जाते, पण ऊबही जाते. लहान प्राण्याचे अंग वजनाच्या मानाने फार उघडे असते, म्हणून ते झपाट्याने उष्णता गमावते. शंभर-दोनशे ग्रॅमची खार मोकळी असताना धावून, खाऊन, ढोलीत गुंडाळून तग धरते. गोठत्या रात्री उघड्या जाळीत, भिजलेल्या अंगाने तिला यातले काहीच करता येत नाही आणि काही तासांत ती मरू शकते. कोलकात्यात हाच धोका उलट्या बाजूने येतो. मे महिन्यात गच्चीवर उन्हात राहिलेल्या पत्र्याच्या पिंजऱ्यात तासाभरात जीव जाऊ शकतो.

खारीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट ठासून सांगायला हवी. कोलकात्याच्या बागांत दिसणारी पाच पट्ट्यांची खार, बंगालीत काठबिडाली, दिवसा वावरते. घूस आणि उंदीर रात्री. उंदरासाठी लावलेला पिंजरा सकाळी मिटवला नाही तर त्यात खार, साळुंकी, दयाळ असे कोणीही अडकते. यातले कोणीच तुमचे धान्य लुटायला आलेले नसते. त्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या खारीचे नाव आपल्या यादीत घेतले होते, आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा तर कोंडलेल्या कोणत्याही जिवाला उपाशी-तहानेला ठेवू देत नाही, उंदरालाही नाही. घरात शिरणाऱ्या खारीसाठी पिंजऱ्याआधी छपराची फट बुजवणे हा अधिक टिकाऊ उपाय आहे. एक खार नेऊन सोडली तरी फट राहिली तर दुसरी येते, आणि अनोळखी झाडावर सोडलेली खार तिथे टिकेलच असे नाही.

पिंजरा हाताळताना रबरी हातमोजे हवेतच. उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि पावसाळ्यात, पायाला जखम असताना, तो धोका खरा असतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो अनुभवला आहे. पिंजरा गरम पाण्याने आणि साबणाने धुवावा, उन्हात पूर्ण वाळवावा, मगच तेलाचा थेंब द्यावा. ओल्या लोखंडावर तेल लावले तर पाणी खाली अडकते आणि गंज आतून चालू राहतो.

नवा पिंजरा विकत घेणार असाल तर दुकानातच झडप चढवून पाहा. पट्टीच्या मागच्या टोकाला पन्नास ग्रॅमचे वजन हलकेच ठेवा. दार मिटले नाही तर तो पिंजरा परत करा. मिटले तर दार आतून ढकलून पाहा, ते उघडता कामा नये. घरी आणल्यावर दर संध्याकाळी लावताना हीच परीक्षा काडीने करा, आणि बर्फाच्या मुलखात असाल तर रात्रीतून एकदा उठून करा. पहाटे पिंजऱ्यापाशी जाणे शक्य नसेल, गावाला जायचे असेल किंवा रात्री हिमवर्षाव किंवा वादळी पाऊस येणार असेल, तर कृपया झडप तारेने बांधून ठेवा आणि त्या रात्री पिंजरा लावू नका.